जुन्या युद्धाची गाणी, नवी ध्वनिमुद्रणे : अमेरिकन यादवीची गीते कशी ऐकावीत?

अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधले यादवी युद्ध १८६१च्या एप्रिलमध्ये सुरू झाले आणि १८६५च्या वसंतात संपले. एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७मध्ये. म्हणजे त्या युद्धात सैनिक जे गायले आणि पलटणींच्या बँडनी जे वाजवले, त्यातला एक सूरही कोणाला मुद्रित करता आला नाही. आज इंटरनेटवर ‘यादवीची अस्सल गाणी’ या नावाखाली जे ढीगभर ट्रॅक सापडतात, ते सगळे नंतरच्या काळात छापील कागदांवरून किंवा ऐकीव परंपरेवरून पुन्हा उभे केलेले आहेत. वाद्य कोणते घ्यायचे, लय कोणती धरायची, कोणते कडवे ठेवायचे, कोणता शब्द गाळायचा, हे प्रत्येक वेळी कोणीतरी ठरवलेले असते. तो निर्णय कानाला ओळखता येऊ लागला की या गाण्यांत रस वाटू लागतो. त्यासाठी संगीताचे शिक्षण लागत नाही. काय ऐकायचे आणि कोणत्या क्रमाने, एवढे माहीत असले की भागते.

आता या परक्या युद्धाचे आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. पण ते तितके परके नाही. या युद्धामुळे अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५मध्ये युद्ध संपताच तिथला शेअरबाजार कोसळून कित्येक पेढ्या बुडाल्या. आणि १८७३ साली महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. शिवाय आज हजारो मराठी कुटुंबे त्याच देशात राहतात, त्यांची मुले शाळेत यातली दोन-तीन गाणी म्हणतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहुण्यांना घेऊन गेटिसबर्गच्या रणभूमीवर जातात. तेव्हा ही गाणी नीट ऐकावीत, एवढे निमित्त पुरेसे आहे.

ओळखीच्या चालींपासून सुरुवात करा

एकदम शंभर गाण्यांची यादी लावून बसू नका. त्यातली निम्मी सारखीच वाटतील आणि कंटाळा येईल. ज्या चाली कानावर आधीच पडून गेल्या आहेत, त्यांचा माग काढत मागे जा.

एल्व्हिस प्रेस्लीचे ‘लव्ह मी टेंडर’ १९५६मधले. त्याची चाल आहे १८६१ साली छापलेल्या ‘ऑरा ली’ या गाण्याची. शब्द बदलले, चाल तीच राहिली. इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीतली मुले मुंग्यांच्या रांगेचे जे गाणे म्हणतात, त्याची चाल आहे ‘व्हेन जॉनी कम्स मार्चिंग होम’ची. हे गाणे १८६३मध्ये बँडमास्टर पॅट्रिक गिल्मोर यांनी ‘लुई लँबर्ट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केले. ख्रिसमसला सगळीकडे वाजणारी ‘ओ टॅननबाउम’ची जर्मन चाल घेऊन दक्षिणेच्या बाजूने ‘मेरीलँड, माय मेरीलँड’ रचले गेले. आणि बॉब डिलनच्या ‘ब्लोइन’ इन द विंड’ची चाल ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’ या गुलामीतून सुटलेल्यांच्या गाण्यावरून आली आहे. डिलनने स्वतःच ते मान्य केलेले आहे.

या चार जोड्या आधी ऐका. प्रत्येक वेळी नवे गाणे आधी आणि जुने नंतर लावा. चाल ओळखीची असली की लक्ष आपोआप शब्दांकडे, वाद्यांकडे आणि गायकाच्या पद्धतीकडे जाते. पुढचे सगळे त्या लक्षावरच अवलंबून आहे.

‘लोकगीत’ हा शिक्का सैल ठेवा

या गाण्यांना सरसकट लोकगीते म्हणतात, पण बहुतेकांचे कवी आणि संगीतकार ठाऊक आहेत. ती शहरांतल्या प्रकाशकांनी धंदा म्हणून छापली आणि विकली. शिकागोची ‘रूट अँड केडी’ ही पेढी यात आघाडीवर होती. तिच्यातल्या जॉर्ज रूट यांनी ‘द बॅटल क्राय ऑफ फ्रीडम’ लिहिले आणि ज्यांची गाणी याच पेढीने छापली त्या हेन्री क्ले वर्क यांनी ‘मार्चिंग थ्रू जॉर्जिया’. दक्षिणेचे जणू राष्ट्रगीतच ठरलेले ‘डिक्सी’ उत्तरेतल्या ओहायोच्या डॅन एमेटचे आहे आणि ते १८५९ साली न्यूयॉर्कच्या रंगमंचावर प्रथम गायले गेले. दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या शपथविधीत १८६१मध्ये ते वाजले आणि १८६५च्या एप्रिलमध्ये, दक्षिणेचा सेनापती ली शरण आल्यावर, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनीही बँडला तेच वाजवायला सांगितले.

ही गाणी लोकांची झाली ती छावणीत. सैनिकांच्या खिशात छोट्या पुस्तिका असत. त्यांत स्वरलिपी नसे, फक्त शब्द आणि वर कोणत्या चालीवर म्हणायचे त्याची सूचना. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदावर ‘चाल’ छापलेली असे, तसलाच प्रकार. चाल माहीत असली की शब्द बदलायला कितीसा वेळ लागतो? स्टीफन फॉस्टरचे ‘हार्ड टाइम्स कम अगेन नो मोअर’ हे यादवीपूर्वीचे, गरिबांच्या दुःखाचे गंभीर गाणे. उत्तरेच्या सैनिकांनी त्याचे विडंबन केले ते रोज मिळणाऱ्या दगडासारख्या बिस्किटांवर, ‘हार्ड टॅक’वर.

दक्षिणेचे ‘गूबर पीज’ हे गाणे तर भुईमुगाच्या शेंगांवरच आहे. रसद तुटल्यावर सैनिक शेंगा उकडून खात. १८६६मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या प्रकाशकाने ते छापले तेव्हा कवीचे नाव दिले ‘ए. पिंडर’ आणि संगीतकाराचे ‘पी. नट’. पिंडर म्हणजेही शेंगदाणाच. उपाशी फौजेची थट्टा मुखपृष्ठावर जाऊन बसली. आज काही गायक हे गाणे नुसते बालगीत करून टाकतात, तर काही त्यात भुकेचा चिमटा ठेवतात. दोन्ही ऐका, फरक लगेच कळतो.

आणखी एक गैरसमज पहिल्याच दिवशी सोडून द्या. युद्धाची गाणी म्हणजे नगारे आणि ललकाऱ्या असे नाही. छावणीत मायेने गायली जात ती घरच्या ओढीची गाणी : ‘लोरेना’, ‘होम, स्वीट होम’, ‘टेंटिंग ऑन द ओल्ड कॅम्प ग्राउंड’. टेनेसीतल्या स्टोन्स रिव्हरच्या लढाईच्या आदल्या संध्याकाळी, ३० डिसेंबर १८६२ला, समोरासमोर तळ ठोकलेल्या दोन सैन्यांचे बँड आळीपाळीने आपापली गाणी वाजवत होते. शेवटी एकाने ‘होम, स्वीट होम’ धरले आणि दुसऱ्याने साथ दिली, असे तिथल्या सैनिकांनी नमूद करून ठेवले आहे. ‘द व्हेकंट चेअर’ हे गाणे तर एका खऱ्या रिकाम्या खुर्चीवर आहे. मॅसॅच्युसेट्सचा जॉन विल्यम ग्राउट हा अठरा वर्षांचा लेफ्टनंट १८६१च्या ऑक्टोबरमध्ये बॉल्स ब्लफच्या लढाईत मारला गेला. पुढच्या महिन्यात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला त्याच्या घरी जी जागा मोकळी राहिली, तिचे हे गाणे.

ध्वनिमुद्रणांचे चार प्रकार

गाणे ऐकण्याआधी ध्वनिमुद्रणाचे साल पाहायची सवय लावा. ढोबळमानाने चार गट पडतात आणि प्रत्येकाकडून वेगळी अपेक्षा ठेवावी लागते.

*पहिला गट मेणाच्या नळकांड्यांचा आणि सुरुवातीच्या तबकड्यांचा.* विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत, युद्ध पाहिलेली माणसे हयात असताना, ही ध्वनिमुद्रणे झाली. खरखर खूप, गाणे दोन-चार मिनिटांचे. यात आवर्जून ऐकावा तो पोक मिलर. हा व्हर्जिनियाचा औषधविक्रेता, दक्षिणेच्या तोफखान्यात लढलेला. त्याने चार कृष्णवर्णीय गायकांचा संच सोबत घेऊन १९०९ साली एडिसनसाठी ‘द बॉनी ब्लू फ्लॅग’ गायले. दक्षिणेच्या झेंड्याचे हे गाणे, गाणारा दक्षिणेचा जुना सैनिक आणि साथीला गुलामीतून सुटलेल्या समाजातले गायक! या एका ध्वनिमुद्रणात जेवढा इतिहास आहे तेवढा कित्येक माहितीपटांत सापडत नाही. पण लक्षात ठेवा, हासुद्धा १८६१चा आवाज नव्हे. मधली अठ्ठेचाळीस वर्षे आणि रंगमंचाची सवय त्यात मिसळली आहे.

*दुसरा गट युद्धाच्या शताब्दीच्या काळातला.* १९६०-६१च्या आसपास एलपी तबकड्यांची लाटच आली. टेनेसी अर्नी फोर्डने उत्तरेची आणि दक्षिणेची गाणी वेगवेगळ्या तबकड्यांवर गायली. भरदार आवाज, गुळगुळीत साथ, घरी पाहुणे आले की लावता येईल असे काम. फ्रेडरिक फेनेल यांनी ईस्टमन विंड एन्सेंबलकडून त्या काळच्या पितळी वाद्यांवर बँडसंगीत वाजवून घेतले आणि गेटिसबर्गला जाऊन तोफांचे आवाजही मुद्रित केले. याच सुमारास फोकवेज कंपनीने पीट सीगर आणि इतरांकडून साध्या साथीत गाणी गाऊन घेतली. साध्या साथीमुळे शब्द स्वच्छ कळतात, म्हणून नवख्याने या गटातले फोकवेजचे संच आधी घ्यावेत.

*तिसरा गट जुन्या पद्धतीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा.* यांतले बरेच जण लढायांचे प्रयोग करणाऱ्या हौशी मंडळींतून आले. १९८९मध्ये सुरू झालेला ‘सेकंड साउथ कॅरोलायना स्ट्रिंग बँड’ हा त्यांतला नावाजलेला संच. बँजो, फिडल, खंजिरी, हाडांच्या टिपऱ्या आणि छावणीतला दंगा, सगळे यात आहे. अलाबामाचे बॉबी हॉर्टन दुसऱ्या प्रकारचे. सगळी वाद्ये स्वतः वाजवायची, सगळे आवाज स्वतःच द्यायचे आणि थरावर थर चढवत गाणे उभे करायचे. त्यांनी उत्तर आणि दक्षिण दोन्हींच्या गाण्यांचे अनेक खंड काढले. दोन्ही बाजूंची एकच गाणी तुलनेने ऐकायची असतील तर ते सोयीचे.

*चौथा गट आजच्या गायकांनी आपल्या पद्धतीने गायलेल्यांचा.* २०१३मध्ये आलेला ‘डिव्हायडेड अँड युनायटेड’ हा दोन सीडींचा संच इथून सुरुवात करायला चांगला आहे. त्यात डॉली पार्टन ‘लिसन टू द मॉकिंगबर्ड’ गातात, लोरेटा लिन नवऱ्याला बंदूक घेऊन जा म्हणणाऱ्या बायकोचे गाणे गातात आणि सहा दशकांहून जास्त काळ गात आलेले राल्फ स्टॅन्ली ‘द व्हेकंट चेअर’ गातात. त्या थकलेल्या आवाजात रिकाम्या खुर्चीचे गाणे ऐकताना वाद्ये काळाला धरून आहेत की नाहीत, हा प्रश्न मनातच येत नाही. या गटाकडून पुराव्याची अपेक्षा धरू नये. गाणे आजच्या माणसाला काय सांगते, ते इथे कळते.

वाद्यावरून काळ ओळखा

बँजो ऐकताना थोडे थांबा, कारण सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते. चित्रपटांमुळे बँजो म्हटला की खणखणीत, धातूच्या तारांचा, बोटांच्या वेगाने वाजणारा आवाज आपल्या कानात बसला आहे. ती तीन बोटांची पद्धत अर्ल स्क्रग्जमुळे १९४५नंतर घरोघर पोहोचली. यादवीच्या काळचा बँजो वेगळा होता. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांनी हे वाद्य अमेरिकेत घडवले, सुरुवातीला भोपळ्याचे. १८५०-६०पर्यंत त्याला लाकडी कडे आणि वर ताणलेले कातडे आले. दांडीवर पडदे नसत, तारा आतड्याच्या असत आणि वाद्य आजच्यापेक्षा खालच्या पट्टीत लावत. वाजवणारा नखाने तारेवर खाली ठोका देई आणि अंगठ्याने आखूड तार छेडी. त्यामुळे आवाज गोल, घुमणारा, जरा उदासही येतो. सरोद ऐकलेल्या कानाला तारेवरून घसरत जाणारा सूर चटकन ओळखता येईल.

हा आवाज ऐकायचा तर रिअॅनन गिडन्स यांची ध्वनिमुद्रणे काढा. १८५८च्या नमुन्यावर बनवलेला बिनपडद्यांचा बँजो त्या वाजवतात. त्या ज्या ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ या कृष्णवर्णीय वादकांच्या संचातून पुढे आल्या, त्यानेही ‘डिव्हायडेड अँड युनायटेड’मध्ये एक गाणे केले आहे. मग त्याच बैठकीत एखादा धातूच्या तारांचा वेगवान ट्रॅक लावा. एकदा हा फरक ऐकला की पुन्हा फसायला होत नाही.

पितळी बँडबाबतही अशीच एक खूण आहे. त्या काळी ‘सॅक्सहॉर्न’ नावाची खांद्यावरून मागे तोंड वळवलेली वाद्ये वापरत, कारण बँड पुढे चाले आणि ऐकणारे सैनिक मागून येत. त्यांचा आवाज आजच्या ट्रंपेटपेक्षा मऊ असतो. उत्तर कॅरोलायनाच्या २६व्या पलटणीचा बँड सेलम गावच्या मोरेव्हियन पंथीयांचा होता. त्यांच्या स्वरलिपीच्या वह्या टिकून राहिल्या आणि त्यांवरून आज ते संगीत वाजवता येते. बँड कोणत्या वह्यांवरून वाजवतो हे अल्बमवर लिहिलेले असेल, तर तो जबाबदारीने केलेला असण्याची शक्यता जास्त.

लयीची परीक्षा त्याहून सोपी. उत्तरेच्या कवायतीच्या पुस्तकांत जलद चालीचा वेग मिनिटाला ११० पावले दिलेला आहे. कूचगीत लावा आणि घरातल्या घरात त्यावर चालून पाहा. पाय धावू लागले तर ते गाणे रंगमंचासाठी वेगात घेतले आहे. पाय अडखळू लागले तर गायकाने त्याचे विलापगीत केले आहे. दोन्हीला हरकत नाही, फक्त काय केले आहे ते आपल्याला कळलेले असावे.

एक गाणे, चार अर्थ

सरावासाठी ‘द बॅटल क्राय ऑफ फ्रीडम’ घ्या. १८६२च्या उन्हाळ्यात लिंकन यांनी तीन लाख स्वयंसेवक मागितले, तेव्हा रूट यांनी हे लिहिले. गाणे इतके चढले की दक्षिणेनेही तीच चाल घेऊन आपले शब्द घातले.

आधी एखाद्या बँडने किंवा बॉबी हॉर्टन यांनी केलेले ऐका. भरतीची सभा, झेंडा, एका सुरात उठणारा घोष. मग केन बर्न्स यांच्या १९९०च्या ‘द सिव्हिल वॉर’ या दूरदर्शन मालिकेतले जॅकलिन श्वाब यांचे पियानोवादन ऐका. चाल तीच, पण एकटा पियानो, सावकाश. जे गाणे मरायला निघालेल्यांना जोश देत होते ते मेलेल्यांची आठवण काढू लागते. तिसरे, राय कूडर यांचे १९७२चे ध्वनिमुद्रण. व्हिएतनाम युद्धाच्या शेवटच्या वर्षांत काढलेले, इतके मंद की झेंड्याभोवती जमा होण्याचे आवाहन थकलेल्या माणसाचे वाटते. चौथे, इंग्लंडच्या बिली ब्रॅग यांचे १९८६चे ‘देअर इज पॉवर इन अ युनियन’. चाल रूट यांची, शब्द कामगार संघटनेचे. तिकडचा ‘युनियन’ म्हणजे संघराज्य, तो इकडे वेगळ्याच अर्थाने उभा राहिला.

चारही सलग ऐकायला पाऊण तासही लागत नाही. ऐकून झाले की प्रत्येकाबद्दल एकच वाक्य लिहा : या गायकाला कोणाशी बोलायचे आहे? जे लिहाल ते बरोबर की चूक याची चिंता करू नका. हा प्रश्न विचारण्याची सवय लागणे महत्त्वाचे.

जे छापले गेले नाही तेही ऐका

प्रकाशकांच्या गाण्यांत उत्तर आहे, दक्षिण आहे, आई आहे, प्रेयसी आहे. ज्यांच्यावरून युद्ध पेटले त्या चाळीस लाख गुलामांचा स्वतःचा आवाज मात्र त्यांत जवळजवळ नाही. तो वेगळा शोधावा लागतो.

१८६१ साली व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रो इथे आसऱ्याला आलेल्या पळपुट्या गुलामांकडून ऐकलेले ‘गो डाउन, मोझेस’ त्याच वर्षी छापले गेले. दक्षिण कॅरोलायनात, पूर्वी गुलाम असलेल्यांच्या पलटणीचा गोरा कर्नल टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन छावणीतल्या शेकोटीभोवतीची गाणी टिपून घेत असे. आणि १८६७मध्ये तिघा संकलकांनी ‘स्लेव्ह साँग्ज ऑफ द युनायटेड स्टेट्स’ हे १३६ गाण्यांचे पुस्तक काढले. त्या तिघांतल्या ल्यूसी मकिम गॅरिसन या तरुण स्त्रीने आफ्रिकी वळणाचे गाणे युरोपीय स्वरलिपीत पुरते उतरत नाही, हे तेव्हाच जाणले होते. ‘मायकल, रो द बोट अशोर’ त्याच पुस्तकातले.

ऐकण्याचा क्रम असा ठेवा : फिस्क विद्यापीठाच्या ज्युबिली सिंगर्सची १९०९ची ध्वनिमुद्रणे, मग पॉल रॉब्सन आणि ओडेटा यांनी गायलेले ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’. फिस्कचे गायन चर्चच्या वळणाने घासूनपुसून घेतलेले आहे, शेतातले नाही. ते श्रोत्यांपुढे गाऊन विद्यापीठासाठी पैसा उभा करत होते, हे ध्यानात ठेवून ऐका. ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका वाचलेल्या माणसाने निदान हा गट तरी वगळू नये.

अवघड शब्दांचे काय करायचे?

यातली बरीच लोकप्रिय गाणी ‘मिन्स्ट्रेल’ खेळांतून आली. गोरे नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करत, त्यांच्या बोलीची टिंगल करत. ‘डिक्सी’ त्यातलेच. हेन्री क्ले वर्क यांचे ‘किंग्डम कमिंग’ अधिकच गुंतागुंतीचे आहे. वर्क यांचे वडील गुलामांना पळून जायला मदत केल्याबद्दल तुरुंगात गेलेले. मुलाच्या गाण्यात मालक पळतो आणि गुलाम हसतात, पण शब्द त्याच नकली बोलीत. हेतू मुक्तीचा, पोशाख टिंगलीचा.

आजचे गायक यातून तीन वाटा काढतात : शब्द गाळून नुसती चाल वाजवणे, बोली सुधारून घेणे, किंवा मूळ तसेच गाऊन सोबत टीप देणे. ऐकताना गायकाने कोणती वाट धरली ते पाहा. मुलांना ऐकवणार असाल तर आधी स्वतः शब्द वाचा. दक्षिणेच्या गाण्यांच्या यादीखाली झेंड्यांची चित्रे आणि गेलेल्या वैभवाचे उसासे दिसू लागले, तर ती यादी संगीतासाठी केलेली नाही असे समजा. हा वाद अजून जिवंत आहे : ‘मेरीलँड, माय मेरीलँड’ १९३९पासून त्या राज्याचे अधिकृत गीत होते, ते २०२१मध्ये काढून टाकले गेले.

जुनी वाटणारी नवी गाणी

यादवीच्या गाण्यांच्या यादीत घुसलेली नवी गाणी ओळखून ठेवा. केन बर्न्स यांच्या मालिकेतून जगभर पोहोचलेली ‘अशोकन फेअरवेल’ ही फिडलची धून जे उंगर यांनी १९८२मध्ये रचली. तिचा यादवीशी संबंध त्या मालिकेपुरताच. जॉनी हॉर्टनचे ‘जॉनी रेब’ १९५९चे. ‘द नाइट दे ड्रोव्ह ओल्ड डिक्सी डाउन’ हे ‘द बँड’चे १९६९चे. पळून जाणाऱ्या गुलामांना वाट दाखवणारे म्हणून सांगितले जाणारे ‘फॉलो द ड्रिंकिंग गूर्ड’ प्रथम छापले गेले १९२८मध्ये, आणि आज सगळीकडे ऐकू येणारे रूप त्याहूनही नंतरचे. ‘व्हेन जॉनी कम्स मार्चिंग होम’च्या चालीचे आयरिश युद्धविरोधी गाणे मूळचे मानले जाते, पण त्याची सापडलेली पहिली छपाई १८६७ची, म्हणजे अमेरिकन गाण्यानंतरची.

नवे असणे हा दोष नाही. जुन्याच्या नावाखाली खपवले जाणे हा आहे.

कुठे शोधावे, कसे वापरावे

छापील मूळ पाहायचे तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील लेव्ही संग्रहाचे संकेतस्थळ उघडा. मुखपृष्ठे, साल, प्रकाशक, सगळी कडवी फुकट पाहायला मिळतात. जुन्या तबकड्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’वर आणि नळकांडी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संग्रहात ऐकता येतात. पुस्तक हवे असेल तर अर्विन सिल्बर यांचे १९६०चे ‘साँग्ज ऑफ द सिव्हिल वॉर’ घ्या, त्यात शब्द, स्वर आणि माहिती एकत्र आहे.

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात, शाळेच्या नाटकात किंवा व्हिडिओत यातले काही वापरायचे असेल तर हक्कांचे भान ठेवा. १८६०च्या दशकातले गाणे कोणीही गाऊ शकतो, पण त्याच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो. अमेरिकेत १९२३पूर्वी प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ला मुक्त झाली आणि १९२३ ते १९४६मधली प्रत्येकी १०० वर्षांनी मुक्त होत जातात. नव्या संगीतरचनेचे आणि ‘अशोकन फेअरवेल’सारख्या नव्या धुनीचे हक्क तर आहेतच. म्हणून सगळ्यांत सोपा मार्ग : जुन्या छापील कागदावरून गाणे घ्या आणि आपणच गा.

आणि प्रत्येक गाण्याची निदान दोन ध्वनिमुद्रणे ऐकल्याशिवाय त्याबद्दल मत बनवू नका. वहीत चार रकाने पाडा : गाणे छापल्याचे साल, ध्वनिमुद्रणाचे साल, वाद्ये, गाळलेली किंवा बदललेली कडवी. चौथा रकाना भरायला छापील प्रत समोर ठेवावी लागते आणि वेळ जातो. पण गायकाने काय निवडले आणि काय टाळले, हे तिथेच उघड होते. दहा गाण्यांचे रकाने भरले की पुढची यादी तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून मागावी लागणार नाही.